भक्ष्याविषयीचे कर्तव्य

इंग्लंड-अमेरिकेत घरी साप पाळणारी कित्येक माणसे त्यांच्या आहारासाठी उंदरांची पैदासही घरीच करतात. अशा उंदरांस तिकडे ‘फीडर’ म्हणतात. त्यासाठी ‘भक्ष्य-उंदीर’ हा शब्द योजताना माझी लेखणी अडली. कारण अशा नावात प्रयोजन तेवढे उरते आणि प्राणी विसरला जातो.

उंदरीचा गर्भकाल सुमारे २० दिवसांचा असतो. एका वेळी सहा ते आठ पिले होणे ही सामान्य गोष्ट. पिलू जन्मतः केशहीन व आंधळे असते. दोन आठवड्यांनी त्याचे डोळे उघडतात, तीन आठवड्यांनी दूध सुटते. प्रसूतीनंतर एका दिवसाच्या आतच उंदरी पुन्हा गर्भ धारण करू शकते. नर जवळच राहिल्यास एका वेताला पाजीत असताना दुसरे वेत तिच्या पोटात वाढू लागते. पाळणाऱ्यास यात लाभ दिसतो. परंतु नर वेगळा ठेवून तिला विसावा देणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय.

दुसरे कर्तव्य मृत्यूविषयीचे. “रानात साप उंदीर जिवंतच धरतो, मग येथे दया कशाला?” असे विचारले जाते. रानात उंदरास बीळ असते, पळावयास वाट असते. पेटीत ती वाट आपणच बंद केलेली असते. शिवाय कोंडलेला उंदीर सापास चावून गंभीर जखमा करतो. पाळीव साप बहुधा मेलेले भक्ष्यही स्वीकारतात. म्हणून उंदरास आधी, शक्य तितक्या वेदनारहित रीतीने मारणे उभयतांच्या हिताचे आहे.

१९०० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅन्बी येथे ॲबी लॅथ्रोप या बाईंनी विक्रीसाठी शोभेचे उंदीर पाळावयास आरंभ केला. पुढे काहींच्या कातडीवरील विकृती त्यांच्या नजरेस आली व त्यांनी ती शास्त्रज्ञांस कळविली. लिओ लोब यांच्यासह त्यांनी कर्करोगावर निबंधही प्रसिद्ध केले. उंदरांकडे केवळ माल म्हणून पाहिले असते, तर हे घडते ना.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे येथील रानटी साप घरी पाळण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तथापि सर्पोद्यानांत व प्रयोगशाळांत उंदीर पाळले जातातच. ज्यास उंदराची निगा राखणे जमत नाही, त्याने साप पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘भक्ष्य-उंदीर’ हा शब्द मी अखेर ठेवला. वाचकांनी त्यातील उत्तरपदाचा विसर पडू देऊ नये.