निम्म्या मानधनाचा हिशेब

आणीबाणीत महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिलेल्यांना महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये दरमहा 10 हजार रुपये मानधन सुरू केले. पश्चात पत्नीला 5 हजार. 2020 मध्ये नव्या सरकारने ते बंद केले, 2022 मध्ये त्यानंतरच्या सरकारने पुन्हा सुरू केले. 2025 मध्ये रक्कम दुप्पट झाली, पत्नीचा वाटा मात्र निम्माच राहिला. हे आम्हाला पटत नाही. ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली अटकेचे कारण सांगण्याचे बंधन उरले नव्हते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 28 एप्रिल 1976 च्या निकालाने अटकेविरुद्ध दाद मागण्याचे दारही बंद झाले. नवरा कधी सुटेल हे ठाऊक नसताना वाण्याची उधारी, घरभाडे, मुलांची फी जिने निभावली, तिचा बंदिवास निम्मा कसा?

पैशासाठी कोणी तुरुंगात गेले नव्हते, हा आक्षेप खराच. पण तो कैद्याला लागू पडतो. घरच्यांना कोणी विचारलेच नव्हते. ही पक्षीय बक्षिसी आहे, असेही म्हटले जाते. खुर्ची बदलताच बंद पडणाऱ्या योजनेबद्दल लोक दुसरे काय म्हणणार? म्हणूनच शासन निर्णय पुरेसा नाही, कायदा हवा. या स्त्रिया आता वार्धक्यात आहेत. सरकारने येत्या अधिवेशनातच विधेयक आणावे आणि त्यांना पूर्ण रक्कम द्यावी.