रामकुंडावरचा साधा सोमवार

दादासाहेब फाळक्यांनी नाशकात लंका जाळली, कालियाचे मर्दन केले, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच फाळक्यांनी ‘नाशिक-त्र्यंबक येथील देखावे’, ‘सिंहस्थ पर्वणी’ असले छोटे पटही काढले, ते मात्र कुणाच्या गावी नसते. पौराणिक खेळाला जोड म्हणून दाखवायचे आणि विसरायचे, एवढीच तेव्हा त्यांची किंमत. आज पारडे फिरले आहे. लंका पुन्हा उभारता येईल. स्टेशनापासून गावात येणारी घोड्यांची ट्राम कुठून आणणार?

त्या काळची नायट्रेटची फिल्म आपणहून कुजते आणि पेटली की विझत नाही. फाळक्यांच्या चित्रपटांचेही मोजके तुकडेच हाती राहिले. पुढे 1948 पासून फिल्म्स डिव्हिजनची वार्तापत्रे आली. थिएटरांना खेळाआधी ती दाखवावीच लागत, म्हणून लोक तेवढ्यात भजी खाऊन येत. त्यांत फीत कापणारा मंत्री मध्यभागी. आता त्याचे नावही कुणाला आठवत नाही. नजर जाते ती त्याच्या मागच्या टोप्यांवर, सायकलींवर, दुकानांच्या पाट्यांवर. कॅमेऱ्याने जे न ठरवता टिपले, तेच कामाचे ठरले.

हा निव्वळ स्मरणरंजनाचा विषय नव्हे. गोदापात्रातल्या काँक्रीटखाली गेलेली प्राचीन कुंडे मोकळी करा, ही मागणी नाशिककर वर्षानुवर्षे करताहेत. कुंड नेमके कुठे होते, पायऱ्या कशा उतरत होत्या, यासाठी जुने नकाशे आणि गॅझेटियर चाळावे लागते. घाटावरून एक फेरी मारलेली दहा मिनिटांची फिल्म असती तर?

आता 2027चा सिंहस्थ तोंडावर आहे. चित्रणाला तोटा नाही. ड्रोन शाही स्नान वरून टिपेल. त्यात माणसे दिसतील, चेहरे नाहीत. सीसीटीव्ही चौकाचौकात डोळे वटारून बसतील आणि काही आठवड्यांत आपले चित्रण आपणच पुसून टाकतील. महापालिकेने सिंहस्थाच्या खर्चातला चिमूटभर वाटा बाजूला काढून पर्वणी नसलेल्या एखाद्या सोमवारी रामकुंड, सराफ बाजार, भद्रकाली आणि सीबीएस बसस्थानक सकाळपासून रात्रीपर्यंत चित्रित करावे. निवेदन नको, संगीत नको, पुढाऱ्यांचे शुभेच्छा संदेश तर नकोतच. त्या चित्रणाची एक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ठेवायला द्यावी.

दुसरे काम सार्वजनिक वाचनालयाचे. 1840 पासून पुस्तके सांभाळणाऱ्या ‘सावाना’ने आता घरोघरच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी मागवाव्यात. नवरा-नवरी त्यांचे त्यांना लखलाभ. आपल्याला हवा आहे वरातीमागचा मेनरोड. मात्र घाई करायला हवी. कॅसेटींना बुरशी धरते आहे, आणि त्या चालवणारी यंत्रे भंगारात निघाली आहेत.