पंधरा दिवसांचे डॉक्टर

धुळ्याच्या सरकारी मेडिकलमधून गेल्या वर्षी डॉक्टर झालेल्या माझ्या भाचीचा परवा फोन आला. "मामा, पूर्व आफ्रिकेतल्या शिबिराला चालले, पंधरा दिवस. रोज किती पेशंट होतील रे?" म्हटलं, "माय, तो आकडा आधी डोक्यातून काढ."

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर आम्ही आरोग्य शिबिर लावलं होतं. मंडप, टेबलं, औषधांची खोकी, सगळं वेळेवर. मी केसपेपर लिहायला बसलो आणि दुपारपर्यंत बसूनच राहिलो. त्या दिवशी भोंगऱ्या बाजार होता! तारीख आम्ही आमच्या सुटीवर ठरवली होती; होळीआधीचा त्यांचा बाजार कुणी विचारलाच नव्हता. पुढच्या खेपेला रांग लागली. आमचं मराठी पावरीत सांगायला आशाताई होत्या म्हणून निभावलं. बीपीच्या गोळ्या हातात घेऊन एका म्हातारीनं त्यांच्यामार्फत विचारलं, "ह्या संपल्यावर?" त्याचं उत्तर आमच्या एकाही खोक्यात नव्हतं.

परदेशी सेवेचं नाव निघालं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. जपानशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसनं १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यातले ते एक, नागपूरचे डॉ. चोळकर दुसरे. सप्टेंबरात मुंबईहून बोट सुटली. पण पथक हानकौला पोचलं तेव्हा ते शहरच पडायच्या बेतात होतं. माघार घेत, मुक्काम बदलत येनान गाठायला १९३९ चा फेब्रुवारी उजाडला. तिथं दवाखाने डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये. कोटणीस चिनी शिकले, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, फिट्सच्या आजारानं गेले. व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या सिनेमामुळे त्यांचं बलिदान घराघरांत पोचलं. त्यांनी गिरवलेली चिनी अक्षरं मात्र आपण विसरलो.

कोटणीसांसारखं आयुष्य वाहून टाक, असं मी भाचीला सांगणार नाही. पंधरा दिवसांत चिनीच काय, धड स्वाहिलीही येत नाही. पण तिथल्या सिस्टरांना आधी फोन करून काय कमी पडतंय ते विचारता येतं. मुदत संपत आलेली सॅम्पलची औषधं इथंच ठेवता येतात. दान केलेल्या औषधाची किमान वर्षभर मुदत शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्येच सांगून ठेवलंय. तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करता येतं. आणि एखादा दिवस नुसतं रजिस्टर लिहावं लागलं, तर ते नीट लिहिता येतं.

जळगाव-धुळ्यात शिबिरं भरवणाऱ्या मंडळांनाही माझं एवढंच सांगणं. तारीख ठरवण्याआधी पाड्यावर बाजाराचा वार विचारा. आणि दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या कोण देणार, त्याचं नाव पहिल्याच केसपेपरवर लिहा. ते नाव लिहिता येत नसेल, तर मंडपवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.