मजकूर कीं मजकुराचें चित्र?

आमच्या नेरूळच्या एका लहानशा मंडळानें आपल्या जुन्या स्मरणिकांतील निवडक लेख पुन्हा छापावयाचें ठरविलें, व पंधरा वर्षांपूर्वींच्या फाइली उघडण्याचें काम आम्हांकडे आलें. उघडून पाहतों तों मराठीच्या जागीं रोमन अक्षरें, कंस आणि उद्गारचिन्हें यांची खिचडी! ज्या फॉन्टांत मजकूर जुळविला होता, तो आतां कोणाजवळच नाहीं.

‘संगणकास मराठी येत नाहीं’ हें यावरचें ठराविक उत्तर ऐकून कान किटले. तें साफ खोटें आहे. भारतीय लिप्यांकरितां इस्की हें मानक १९९१ सालींच ठरलें, आणि त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्वतःचीं घरें मिळालीं. तरीहि आमचा मुद्रणव्यवसाय रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचीं चित्रें बसवीत राहिला, आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी! तेथें ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं व ‘क’ मागून येतो. युनिकोडांत उच्चाराप्रमाणें ‘क’ आधीं. रूपांतरांत थोडी चूक झाली कीं वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते.

कोणी म्हणतील, पीडीएफ पाठवा कीं! दिसावयास पीडीएफ उत्तम, हें आम्हांसहि मान्य आहे. पण जुन्या फॉन्टाची पीडीएफ डोळ्यांस मराठी दिसली, तरी तींत शब्द शोधूं जातां सांपडत नाहीं. आणि अंध वाचकास वाचून दाखविणारें यंत्र तिजपुढें केवळ बरळतें. शिवाय लेखकानें, संपादकानें व मुद्रितशोधकानें आलटून पालटून दुरुस्त करावयाचा मजकूर गोठवून पाठविण्यांत काय स्वारस्य?

राहिला वाद डॉक्स व ओडीटी यांचा. ओडीटी ज्या ओडीएफ कुळांतली, तें २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक झालें. डॉक्सचें मानक २००८ सालीं झालें, आणि त्या मतदानांत भारतानें विरुद्ध मत दिलें होतें. पुढें २०१० सालीं केंद्र सरकारनें खुल्या मानकांचें धोरणहि जाहीर केलें. लिब्रे ऑफिस फुकट मिळतें, वर्डहि ओडीटी उघडतें. मग ‘आमच्याकडे अमुकच चालतें’ हा हट्ट कशाला? आमचें मत ओडीटीच्या बाजूचें आहे. मात्र डॉक्सवाल्यांशीं आमचें वैर नाहीं; मजकूर युनिकोडांत असेल तर तीहि पुष्कळ अंशीं निभते. उलट जुन्या फॉन्टांतला मजकूर ओडीटींत कोंबला म्हणून तो मराठी होत नाहीं. आधीं अक्षर, मग फाइल, हा क्रम आमचे संपादक विसरतात आणि लेखकाकडे आजहि ‘आमच्या फॉन्टांत’ लेख मागतात. इकडे खारघरास सी-डॅकचें केंद्र आहे, आणि त्याच नव्या मुंबईंत आम्ही फॉन्ट शोधीत हिंडतों!

स्मरणिकांच्या छापील प्रती सुदैवानें एका सभासदाच्या माळ्यावर सांपडल्या. त्यांवरून आम्ही दोघे म्हातारे सारें पुन्हा टंकीत आहों. एका लेखाचीं दोन पानें वाळवीनें खाल्लीं आहेत, आणि त्याचे लेखक आतां हयात नाहींत.