विमा दुकानाचा, जोखीम माणसाची

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील व्यावसायिक व्हिडिओ छायाचित्रकारांच्या विम्याचा प्रश्न या पृष्ठावर मांडावा काय, अशी शंका काही साथींना येईल. ज्याच्याजवळ स्वतःचा कॅमेरा आहे, जो स्वतःच्या नावाची पाटी लावतो आणि लग्नसराईत चार मुलांना रोजावर घेतो, तो तर छोटा मालकच. त्याने आपला विमा आपण उतरवावा, श्रमिकांच्या पक्षाला त्याच्याशी काय कर्तव्य, असा हा युक्तिवाद आहे. ऐकावयास तो जहाल वाटतो. वस्तुतः तो केवळ आळशी आहे. मालक कोण हे पाटीवरून ठरत नाही. कॅमेरा ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर कर्जाचा बोजा आहे. कामाचा दर कंत्राटदार अगर कार्यालयवाला ठरवितो. काम मिळाले नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडते. आणि साधन मोडले तर ते दुरुस्त करण्याचा सारा खर्च त्याच्या माथी बसतो. नफ्यावर ज्याचा अधिकार नाही, परंतु नुकसान मात्र ज्याच्या एकट्याचे आहे, अशा माणसाला मालक म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग होय.

या माणसाचे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले, त्यालगत औद्योगिक वसाहत वाढली, आणि देशाच्या नाना प्रांतांतून आलेल्या कामगारांनी बोईसर गजबजले. २०१४ साली पालघर हे जिल्ह्याचे ठिकाण झाले. या वस्तीबरोबर चित्रीकरणाचा धंदाही वाढला. आज हळद आणि वरात, उद्या कारखान्यातील सुरक्षा सप्ताह, परवा निवडणुकीच्या काळात प्रशासनाच्या देखरेख पथकाबरोबर फिरती, तर कधी केळव्याच्या किनाऱ्यावर वधूवरांचे चित्रीकरण. त्याचे दुकान म्हणजे बहुधा दहा बाय बाराची एक खोली. खरा धंदा चालतो तो मांडवात, किनाऱ्यावरच्या वाळूत, मोटरसायकलवर आणि डहाणूच्या गर्दीच्या लोकलमध्ये. खारा वारा, पावसाची अवचित सर, जनरेटरचा चढउतार आणि मांडवातील धक्काबुक्की हे त्याचे नित्याचे शत्रू आहेत. त्याची जोखीम त्याच्या खांद्यावर लटकून त्याच्याबरोबर चालत असते.

आता विम्याचा बाजार त्याला काय देतो ते पाहू. एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या नावाचे एक प्रमाणित विमापत्र सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध आहे. एका ठिकाणची पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता त्यात बसते. आग, स्फोट, पूर, वादळ, भूकंप या आपत्ती त्यात येतात. हे विमापत्र वाईट आहे असे मला म्हणावयाचे नाही. २०१८ च्या अखेरीपासून डहाणू-तलासरी भागात जे धक्के बसत आले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने जो तडाखा दिला, ते ध्यानात घेता त्याचा उपयोग उघड आहे. परंतु ते मूलतः नमूद केलेल्या जागेसाठी आहे, आणि नुसत्या चोरीची भरपाई त्यात नाही. संरक्षित आपत्तीमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच काय ती धरली जाते. घरफोडीचे विमापत्र वेगळे घ्यावे लागते, आणि त्यात सहसा कुलूप तोडून, जबरीने प्रवेश झाल्याची खूण मागितली जाते. मांडवात खुर्चीवर ठेवलेली पिशवी कुणी उचलून नेली, तर तोडलेले कुलूप आणावे कोठून?

फिरत्या साहित्यासाठीही विमापत्रे आहेत, हे खरे. त्यांचा हप्ता अधिक, आणि अटींची यादी त्याहून लांब. राखणीविना ठेवलेल्या गाडीतून चोरी झाली तर भरपाई नाही, झीज वजा होणार, दर दाव्यातील पहिली काही रक्कम विमेदाराने सोसावयाची, अशा त्या अटी असतात. त्यातच सरासरीचे कलम येते. समजा, एखाद्याचे साहित्य पाच लाखांचे आहे, पण हप्ता परवडत नाही म्हणून त्याने तीन लाखांचाच विमा उतरविला. पुढे त्याचा एक लाखाचा कॅमेरा गेला, तर त्याला लाख रुपये मिळत नाहीत. तीन-पंचमांश या प्रमाणात साठ हजार मंजूर होतात आणि त्यातून झीज वगैरे वजा होते. गणित म्हणून हे निर्दोष आहे. परंतु हे गणित त्याला हप्ता घेताना कोण समजावून सांगतो? विमापत्र बहुधा इंग्रजीत, आणि तेही बारीक टायपात. एका तळघरातील दुकानाचा विमा उतरवून तळघरच वगळणाऱ्या कलमाच्या आधारे दावा नाकारणाऱ्या कंपनीला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने चपराक दिली आणि करारालाच निरर्थक करणारे असे कलम टिकणार नाही असे ठरविले. न्याय झाला खरा. परंतु बोईसरचा एक छायाचित्रकार एका कॅमेऱ्यासाठी दिल्लीपर्यंत जाणार कसा?

मग विमा उतरविला जातो तो कुणासाठी? अनेकदा धनकोसाठी. साहित्य कर्जावर घेतले की तारण वस्तूचा विमा उतरविण्याची अट कर्ज देणारी संस्था घालते, आणि भरपाईवर पहिला हक्क आपला राहील असे कलमही त्यात टाकून घेते. कॅमेरा गेल्यावर कर्ज फिटते, हे काही वाईट नव्हे. पण दुसऱ्या दिवशी काम करावयास हाती साधन नसते ते नसतेच. म्हणजे हप्ता भरावयाचा श्रमिकाने आणि निर्धास्त झोपावयाचे सावकाराने! आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाचे काय? स्टुलावर चढून दिवा धरणारा मदतनीस पडला अथवा त्याला विजेचा धक्का बसला, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपये भरून अपघाती मृत्यूस दोन लाखांचे संरक्षण मिळते. एवढे तरी प्रत्येकाने घेतलेच पाहिजे. परंतु पाय मोडून दोन महिने घरी बसणाऱ्याच्या बुडालेल्या रोजीला त्यात जागा नाही.

कराची रचनाही विषम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर काढून टाकण्यात आला. व्यवसायाच्या विम्यावर तो अठरा टक्केच राहिला. मोठा कारखानदार हा कर भरतो आणि आपल्या देय करातून वळता करून घेतो. वीस लाखांच्या आतील उलाढालीमुळे ज्याने नोंदणीच केलेली नाही अशा छायाचित्रकाराला ती सवलत नाही. दहा हजारांच्या हप्त्यावर त्याचे अठराशे रुपये कायमचे जातात. एकाच विम्यावर सबळाला कर शून्य आणि दुर्बळाला अठरा टक्के, याला 'एक राष्ट्र, एक कर' म्हणतात!

कायद्याची नजर किती एकांगी आहे, हे तारापूरइतके दुसरीकडे स्पष्ट दिसणार नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी अगदी लहान यंत्रे सोडून इतर ड्रोनसाठी त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. ते योग्यच आहे. वरातीवर यंत्र कोसळले तर जखमी माणसाला भरपाई मिळालीच पाहिजे. परंतु हाच छायाचित्रकार जेव्हा स्वतः त्रयस्थ असतो, तेव्हा काय होते? भोपाळच्या १९८४ च्या हत्याकांडानंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. घातक रसायने हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा झाला आणि दोष सिद्ध न करता तातडीची मदत देण्याचे तत्त्व मान्य झाले. तत्त्व थोर, पण मूळ अनुसूचीत मृत्यूला पंचवीस हजार आणि खाजगी मालमत्तेच्या हानीला अधिकांत अधिक सहा हजार रुपये! ११ जानेवारी २०२० रोजी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा बळी गेला. अशा कारखान्यांच्या सावलीत ज्यांची दुकाने आहेत, त्यांच्या मालमत्तेची किंमत संसदेने सहा हजारांवर रोखली होती. तेवढ्यात एक बरी भिंग येत नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ऐन लग्नसराई बुडाली. बुडालेल्या उत्पन्नाचाही विमा असतो, परंतु मालमत्तेची प्रत्यक्ष हानी झाल्याखेरीज तो सहसा लागू होत नाही. कॅमेरा शाबूत होता, म्हणून नुकसान झालेच नाही, असे विम्याचे तर्कशास्त्र सांगते. चूल मात्र ते तर्कशास्त्र जाणत नव्हती.

ही अवस्था अटळ होती काय? १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण सुरू झाले. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. समाजाची बचत समाजाच्या जोखमीसाठी, हा त्यामागील विचार होता. त्या कंपन्यांनी तो विचार पुरतेपणी अमलात आणला नाही, त्यांच्या कचेऱ्यांतही लहान माणूस ताटकळला, हे आपण लपविण्याचे कारण नाही. परंतु त्यावरचा उपाय लोकाभिमुख सुधारणा हा होता. झाले उलटेच. १९९९ च्या कायद्याने खाजगी भांडवलाला दार उघडले. परकी भांडवलाची मर्यादा २६ वरून ४९, मग ७४ टक्के झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती १०० टक्के करण्यास संमती दिली. २०२१ च्या दुरुस्तीने सरकारी कंपन्यांत सरकारचे ५१ टक्के भाग असलेच पाहिजेत हे बंधनही काढले. स्पर्धा आली की विमा खेड्यापाड्यांत जाईल, असे तेव्हा सांगितले गेले. स्पर्धा नफ्याच्या मागे जाते. दहा बाय बाराच्या खोलीकडे ती फिरकत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. स्वस्त विमा दिला की माणसे निष्काळजी होतात, खोटे दावे करतात, म्हणून अटी कडक असल्या पाहिजेत. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हा धोका नोंदलेला आहे आणि तो काल्पनिक नाही. परंतु त्याचा इलाज बारीक टायपातच आहे असे कुणी सिद्ध केले? एकाच धंद्यातील, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचा गट केला, तर कोणाचा कॅमेरा खरोखर समुद्रात पडला आणि कोणाचा कपाटात आहे, हे मुंबईच्या सर्व्हेअरपेक्षा त्यांना अधिक कळते. सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकारी संस्था उभ्या केल्या त्या याच परस्परविश्वासावर. अर्थात, स्वतःची विमा संस्था काढावी तर कायदा १०० कोटींचे भांडवल मागतो. म्हणून मार्ग एकच उरतो: सहकारी संस्थेने सामूहिक विमा घ्यावा आणि तो सरकारी कंपनीने द्यावा.

हप्ता मात्र एकट्या छायाचित्रकाराने भरावा हे आपण मान्य करता कामा नये. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून दाखवून दिले की, कायमचा मालक नसलेल्या कामगारालाही मंडळामार्फत आणि काम देणाऱ्याकडून घेतलेल्या अधिभारातून सुरक्षितता देता येते. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर कामगारांसाठी उपकर बसविला. १९८१ साली चित्रपट कामगारांसाठी कल्याण निधी झाला. पण तो कथापटांपुरता, मांडवातील कॅमेरावाला त्याच्या बाहेरच राहिला. तेव्हा तत्त्व नवे नाही, फक्त ते पुढे न्यावयाचे आहे.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सरकारी विमा कंपन्यांनी जिल्हावार सामूहिक विमापत्र काढावे. ते जागेला नव्हे तर माणसाला व त्याच्या साधनाला लागू असावे आणि मराठीत असावे. नोंदणीच्या मर्यादेखालील व्यावसायिकांच्या विम्यावरील कर रद्द व्हावा. जिल्हा प्रशासन, कारखाने आणि मंगल कार्यालये यांच्या प्रत्येक कंत्राटात चित्रीकरण करणाऱ्याच्या व मदतनिसाच्या विम्याचा खर्च काम देणाऱ्यावर असावा. आणि माथाडी मंडळाच्या धर्तीवर या धंद्यासाठी मंडळ व अधिभार असावा, ज्यातून अपघातकाळातील रोजीही भरून निघेल.

यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. सफाळ्यापासून डहाणूपर्यंत या धंद्यात किती माणसे आहेत, त्यांपैकी किती कर्जात आहेत, किती मदतनिसांना कोणताच विमा नाही, याची नोंद तालुका समित्यांनी लग्नसराई सुरू होण्यापूर्वी पुरी करावी. तिच्या बळावर जिल्हाधिकाऱ्यांकडे शिष्टमंडळ नेता येईल. आणि सुरुवात आपल्या घरापासून व्हावी. आपल्या सभांचे, मोर्चांचे चित्रीकरणही कोणीतरी पैसे घेऊन करतो. गर्दीत त्याचाही कॅमेरा पडू शकतो. त्याच्या विम्याचा खर्च पक्षाच्या हिशेबात वेगळ्या ओळीने लिहिला जात नाही, तोवर कारखानदाराकडे तो मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला पुरता येणार नाही.