माझा कौल 'अयली'ला

2024 च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या घरात दोन निवडणुका झाल्या. एक विधानसभेची. 20 तारखेला मतदान होतं आणि आम्हा शिक्षकांना नेहमीप्रमाणे केंद्रावर ड्यूटी. दुसरी निवडणूक घरच्या घरी. त्याच 20 तारखेला पणजीत इफ्फी, म्हणजे आपला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू झाला. तिथे 2023 पासून वेब मालिकेलाही पुरस्कार देतात. पहिल्या वर्षी तो 'पंचायत'च्या दुसऱ्या सीझनला मिळाला होता, तेव्हा आमच्या घरात कुणाचं दुमत नव्हतं. 2024 साठी 46 मालिका आल्या आणि त्यांतल्या पाच नामांकनात राहिल्या: 'कोटा फॅक्टरी', 'काला पानी', 'जुबिली', तमिळ 'अयली' आणि आपली मराठी 'लंपन'. मग काय, इशानंतर जेवणं आटोपली की फोन टीव्हीला जोडायचा आणि बघायचं. काही आधी पाहिलेल्या होत्या, काही राहिल्या होत्या. शेवटी वहीचं पान फाडून प्रत्येकाने चिठ्ठी टाकली.

निकाल तुम्हाला ठाऊक आहेच. 28 तारखेला महोत्सव संपला आणि पुरस्कार 'लंपन'ला गेला. मराठीला मिळाला म्हणून मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण माझी चिठ्ठी 'अयली'ची होती आणि अजूनही तिचीच आहे. का, ते सांगते. त्याआधी बाकीच्यांशी अन्याय नको.

मुलीची चिठ्ठी 'कोटा फॅक्टरी'ची. ती अकरावी सायन्सला आहे, त्यामुळे तिचं मत निःपक्ष नाही हे तीही मान्य करते. ही मालिका 2019 मध्ये यूट्यूबवर आली, पुढे नेटफ्लिक्सवर गेली. कृष्णधवल चित्रण, कोटा शहरातली शिकवणी, होस्टेलं, आणि फिजिक्स शिकवणारे जितू भैया. आपल्या मयूर मोरेने केलेला वैभव तिच्यात आहे. भाषा काही ठिकाणी अशी आहे की दादी खोलीत आल्या की रिमोट हातात ठेवावा लागतो. नामांकन तिसऱ्या सीझनच्या जोरावर, आणि तो सीझन मला एका कारणासाठी आवडला. दुसऱ्या सीझनच्या शेवटी एक विद्यार्थिनी जीव देते. तिसऱ्यात ते ओझं घेऊन फिरणारा शिक्षक दिसतो. तो डॉक्टरांकडे जाऊन बसतो, त्याला शिकवायला उभं राहवत नाही. शिक्षक हा देवदूत नसून दमणारा माणूस आहे, हे पडद्यावर फार क्वचित दिसतं. जितेंद्र कुमारला अभिनयाचं बक्षीस असतं तर मी डोळे मिटून दिलं असतं. केमिस्ट्रीच्या मॅडम झालेल्या तिलोत्तमा शोमलाही.

पण मालिकेबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. ही शर्यत वाईट आहे असं ती सांगते आणि आपल्याला त्याच शर्यतीत पोराचा नंबर लागतो का म्हणून श्वास रोखून बसवते. पहिल्या सीझनला तर एका शिकवणी अ‍ॅपचंच प्रायोजकत्व होतं. मुलीला हे म्हटलं तर म्हणाली, "अम्मी, तूसुद्धा शाळेवर टीका करतेस आणि रोज शाळेत जातेस." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मुलांच्या अब्बांची चिठ्ठी 'जुबिली'ची. त्यांना जुन्या सिनेमाचं वेड आहे. 'जुबिली' फाळणीच्या आगेमागे मुंबईतल्या एका स्टुडिओत घडते. त्या स्टुडिओवर आणि त्याच्या मालक-मालकिणीवर बॉम्बे टॉकीज, हिमांशु राय आणि देविका राणी यांची सावली पडलेली आहे. पेशावरच्या युसूफ खानला दिलीपकुमार हे नाव बॉम्बे टॉकीजमध्येच मिळालं आणि 1944 मध्ये 'ज्वार भाटा' आला, हे आपल्या घराघरांत माहीत असतं. 'जुबिली'तही स्टुडिओला एक नवा नट हवा आहे, त्याचं नाव आधीच ठरलेलं आहे, मदन कुमार. ते नाव लखनौच्या जमशेद खानसाठी राखलेलं असतं. दंगलीत जमशेद मारला जातो आणि ते नाव दुसराच घेऊन बसतो, जो त्याला वाचवू शकला असता आणि ज्याने वाचवलं नाही. हा धागा जबरदस्त आहे. अपारशक्ती खुरानाने त्या माणसाच्या चेहऱ्यावर गुन्हा असा बसवलाय की तो हसतानाही दिसतो. वामिका गब्बीची नीलोफर मनात राहते. अमित त्रिवेदीची गाणी तर जुन्या रेडिओतून आल्यासारखी, आणि कौसर मुनीर यांचे शब्द त्यांना शोभणारे. फक्त एवढंच की आपण सुंदर आहोत हे त्या मालिकेला फार माहीत आहे. प्रत्येक पडदा, प्रत्येक झुंबर म्हणतं, मला बघा. मधले काही भाग मी पापड लाटत पाहिले आणि काही निसटलं नाही.

'काला पानी'ला आमच्या घरात एकही चिठ्ठी पडली नाही. बिचारीचं नशीब. अंदमानात 2027 मध्ये आलेली साथ, आणि सगळ्यांना वाचवायचं तर मूठभर आदिवासींचं काय करायचं हा प्रश्न. प्रश्न मोठा आहे, पण पात्रं इतकी की तिसऱ्या भागापर्यंत दादी विचारत होत्या, हा कोण आणि तो कोण. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते. आशुतोष गोवारीकर तिथे नायब राज्यपाल आहेत आणि त्यांचं नाव झिब्रान कादरी आहे. बस्स, आहे. त्यावर भाषण नाही, संशय नाही, देशभक्तीची परीक्षा नाही. एक मोठा अधिकारी कठीण निर्णय घेतोय आणि त्याचं नाव कादरी आहे. असं आपल्याकडे किती वेळा पाहायला मिळतं, तुम्हीच आठवून बघा.

आता 'लंपन'. प्रकाश नारायण संतांची 'वनवास' मी डी.एड.ला असताना वाचली आणि पुढची पुस्तकं मागून आणून वाचली. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहायला आलेला मुलगा, मराठी-कानडी सीमेवरचं गाव, उठताबसता 'मॅड' म्हणणं. आम्ही मिरजेकडचे. बाजारात एका वाक्यात मराठी, कानडी आणि आपली दखनी ऐकलेली. त्यामुळे ती हवा मला परकी नाही. निपुण धर्माधिकारींनी मालिका घाईने केलेली नाही. मिहिर गोडबोले हा मुलगा कॅमेऱ्याकडे पाहून गोड हसत नाही, हे फार मोठं काम आहे. आणि गीतांजली कुलकर्णींची आजी! प्रेम करते पण जवळ घेऊन चुचकारत बसत नाही. दादींची चिठ्ठी 'लंपन'ची, आणि कारण त्यांनी एकाच वाक्यात सांगितलं, "उसमें कोई चिल्लाता नै." खरं आहे. पाच मालिकांत ही एकच, जिच्यात दुष्ट माणूस नाही.

मग मला अडचण काय? परीक्षक म्हणून मी माझ्यावरच संशय घेतला. 'लंपन' पाहताना मी निम्मं पुस्तक सोबत घेऊन बसले होते. जिथे मालिका कमी पडत होती तिथे माझी आठवण भर घालत होती. ज्याने संत वाचले नाहीत त्याला काय दिसेल? माझ्या मुलाला, जो नववीत आहे, मालिका "छान, पण स्लो" वाटली.

'अयली'बाबतही हाच संशय घेतला पाहिजे. तालुक्याच्या निबंधस्पर्धेत मी कितीदा परीक्षक होते. 'बेटी बचाओ' विषयावर लिहिणाऱ्या पोराला आपण विषयाचेच चार गुण देऊन टाकतो, मग निबंध कसाही असो. 'अयली'ला मी तसे विषयाचे गुण देतेय का?

गोष्ट अशी. 1990 च्या दशकातलं तमिळनाडूतलं एक खेडं. देवीच्या शापाची एक जुनी दंतकथा आणि तिच्यावर उभी राहिलेली रीत: मुलगी वयात आली की शाळा बंद, लग्न. गावात एकही मुलगी दहावीपर्यंत पोहोचलेली नाही. तमिळसेल्वी नावाच्या हुशार पोरीला डॉक्टर व्हायचंय. तर ती वयात येते आणि कुणाला सांगतच नाही. लपवते. आठ भाग ती हेच करते, लपवते. एवढ्याशा गोष्टीवर दिग्दर्शक मुथुकुमार यांनी आठ भाग तोलले आहेत, आणि तिथे मी विषयाचे नव्हे तर निबंधाचे गुण देते. अबी नक्षत्रा या मुलीचा चेहरा बघा. खोटं बोलताना तिला भीतीही वाटते आणि थोडी मजाही येते. आपण वर्गात रोज पाहतो तसा हा चेहरा आहे, सोशिक नायिकेचा नाही. शाळेसाठी खोटं बोलणारी पोर हसवतेसुद्धा. गावातले पुरुष राक्षस नाहीत, भित्रे आहेत. रीत मोडली तर आपल्या घरावर काही येईल, या भीतीने ते वागतात. राक्षसापेक्षा भित्रा माणूस समजावणं अवघड असतं, हे पालकसभा घेणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि तिची आई. अनुमोलने ती केली आहे. आईला कळतं तेव्हा ती एकदम क्रांतिकारक होत नाही. ती घाबरते, रागावते, आणि मग हळूहळू मुलीच्या बाजूला सरकते. जसं आपण चुलीवरचं भांडं फडक्याने धरून थोडं थोडं सरकवतो तसं. मला विचाराल तर या वर्षीचा सगळ्यात खरा अभिनय तो.

दोष आहेत. शेवटच्या भागांत भाषणं वाढतात. जे चेहऱ्यावर दिसलं ते पुन्हा तोंडाने सांगितलं जातं. काही माणसं फार लवकर शहाणी होतात. चित्रणात 'जुबिली'ची श्रीमंती नाही, असायचं कारणही नाही. तमिळ आम्हाला येत नाही. इंग्रजी सबटायटल्स मुलगी वाचायची आणि दादींसाठी दखनीत सांगायची. तरीही पाच रात्री कुणी उठलं नाही. त्या निकषावर तरी 'अयली'च पहिली.

'लंपन'शी तुलना करताना मला एक गोष्ट सोडवेना. लंपनचं दुःख खरं आहे. आई दूर आहे, त्याला कारण सांगितलेलं नाही. पण त्याला शाळेत पाठवायचं की नाही, असा प्रश्न त्या घरात कुणाला पडत नाही. त्याच्या चांगल्या शाळेसाठीच तर माणसं धडपडतात. तमिळसेल्वीला मात्र शाळेतला रोजचा एक दिवस चोरावा लागतो. दोन्ही मुलं सारखीच बुद्धिमान. पुरस्कार समितीने कोणता विचार केला ते त्यांचं त्यांना माहीत, माझं मत मी लपवणार नाही.

हे सगळं मी 'तमिळ लोकांची रीत' म्हणून पाहू शकले नाही, त्याचं कारण माझ्या वर्गात बसतं. आमची उर्दू शाळा आठवीपर्यंत. नववीसाठी तालुक्याच्या हायस्कूलला जावं लागतं, अकरा किलोमीटर. आठवीतली एक मुलगी गणितात अशी आहे की मी फळ्यावर चुकले तर हात वर करते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने सांगितलं, "आपा, मार्च के बाद घर में बैठना है." लग्न ठरलेलं नाही, कुणी मारझोड करत नाही, शाप नाही, देवी नाही. आपल्या दीनमध्ये तर इल्म मिळवणं मुलीवरही फर्ज आहे, हे तिचे अब्बा मला समजावून सांगतात, मी त्यांना नाही. पैशाचाही प्रश्न नाही, अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. तरीही मार्चनंतर घरी.

डिसेंबरमधल्या एका रविवारी मी त्या मुलीला आणि तिच्या आईला चहाला बोलावलं. समजावणीचा विषय काढला नाही. टीव्ही लावला, 'अयली'चा पहिला भाग. मुलगी सतरंजीवर माझ्या मुलीशेजारी बसली आणि दोघी मिळून सबटायटल्स वाचत राहिल्या. आई पदर तोंडावर धरून बघत होती. पहिला भाग संपला, त्यांनी स्वतःहून म्हटलं, दुसरा लावा. दुसरा संपल्यावर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अपनी माँ कू कायकू नै बोली ये?"

मी तोंड उघडणार होते. इतक्यात त्यांची पोर टीव्हीकडेच बघत म्हणाली, "बोली होती तो?"

आई काही बोलली नाही. चहा घेतला, बशी धुऊन ठेवली, नको म्हटलं तरी. चप्पल घालताना दारात मला विचारलं, "आपा, तालुक्याला स्टँडपासून शाळा किती लांब? पोरी एकत्र चालत जातात का?"

सात मिनिटं, मी म्हटलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघी ते अंतर चालून बघणार आहोत. तिसरा भागही राहिलाय.