उत्तरपत्रिकेचे सोवळे

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे गावात दोन प्रकारची घरे दिसू लागतात. एका घरी पेढे वाटतात आणि दुसऱ्या घरी पोराच्या पाठीत धपाटा बसतो. पेढ्यांच्या घराविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. त्यांचा आनंद त्यांस लखलाभ असो. आज आम्ही धपाट्याच्या घराविषयी लिहिणार आहोत, आणि आमचे सांगणे एवढेच आहे की, हात उगारण्यापूर्वी बापाने एक प्रश्न विचारावा. तो पोरास विचारू नये. परीक्षा घेणारास विचारावा. "माझ्या लेकराची उत्तरपत्रिका दाखवा," एवढाच तो प्रश्न आहे.

आमच्या शाळेतील एका मुलीची हकीकत सांगतो. परीक्षा कोणती आणि शाळा कोणती हे आम्ही लिहिणार नाही, कारण हा रोग एकाच घरचा नव्हे. मुलगी पाचवीत होती. आईबाप दुसऱ्याच्या रानात मोलमजुरी करणारे. सहावीपासून पुढे राहणे-जेवणे व शिक्षण फुकट, अशा एका निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेस आम्ही तिला बसविली. शंभर प्रश्न, शंभर गुण. वर्षभर शाळेत आम्ही जे जे सराव-पेपर घेतले त्यांत तिने ऐंशीच्या खाली पाऊल ठेविले नव्हते. निकालाच्या दिवशी गुणपत्रक हाती आले, त्यावर आकडा होता ४४.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत आला. रागावलेला नव्हता, रागावला असता तर बरे वाटले असते. तो म्हणाला, "गुरुजी, पोरीच्या डोस्क्यात काय न्हाय, हे आमास्नी आदीच ठावं हुतं. तुमीच तिला उगं चढवून ठिवली. सातवीपातुर शिकवा, मग तिच्या मामाकडं धाडतो." मुलगी दाराआड उभी होती. त्या दिवसापासून तिने वर्गात हात वर करणे सोडले.

वाचकहो, त्या आकड्याने काय केले हे नीट पाहा. जागा गेली, हे झाले एक नुकसान. पण शतकानुशतके आमच्या लोकांच्या कानी जे कपाळीचे लेख ओतले गेले, 'तुमच्या डोक्यात काही नाही' हा जो मंत्र, तो त्या बापाने आपल्या तोंडाने आपल्याच पोरीवर म्हटला. पूर्वी हे सांगावयास पोथी लागत असे. आता संगणकाने छापलेला एक कागद पुरतो.

आम्ही काय केले ते सांगतो. माहितीचा अधिकार हा कायदा २००५ साली झाला आहे. त्याखाली मुलीच्या बापाच्या नावे अर्ज लिहिला, दहा रुपये शुल्क भरले आणि उत्तरपत्रिकेची नक्कल मागितली. नक्कल आली. मुलीने प्रश्नपुस्तिका घरी आणली होती आणि उत्तरसूची जाहीर झालेली होती. तिन्ही कागद टेबलावर मांडून आम्ही ओळीने ताडून पाहिले. पहिल्या तीस प्रश्नांपैकी २८ बरोबर. एकतिसावा प्रश्न अवघड वाटला म्हणून तिने सोडून दिला. पण गोल रंगविताना एकतिसावी ओळ मोकळी ठेवावयाची राहिली आणि बत्तिसाव्या प्रश्नाचे उत्तर तिने एकतिसाव्या ओळीत रंगविले. तेथून पुढे शेवटपर्यंत प्रत्येक उत्तर एक घर वर सरकले होते. शंभरावी ओळ कोरी. या सरकलेल्या उत्तरांपैकी १६ नशिबाने जुळली, म्हणून एकूण ४४. तीच उत्तरे एक घर खाली सरकवून मोजली तेव्हा त्यांतील ५८ बरोबर निघाली. अठ्ठावीस आणि अठ्ठावन्न मिळून ८६.

म्हणजे यंत्राने चूक केली काय? मुळीच नाही. यंत्राने जे कागदावर दिसले ते मोजले. मग मुलीस येत नव्हते काय? तेही नाही. हिशेब बरोबर आणि निकाल खोटा, असा हा प्रकार आहे. आणि नक्कल हाती येईपर्यंत तो जगात कोणास ठाऊक नव्हता. मुलीस नाही, बापास नाही, आम्हांसही नाही.

आता दोष कोणाचा, ते बोलू. प्रथम आमचा. आम्ही अध्यापक विद्यालयातून शिकून आलेले, वीस वर्षे फळ्यापुढे उभे असलेले मास्तर. आम्ही तिला गणित शिकविले, भाषा शिकविली, बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडविण्यास शिकविले. पण तसला गोलांचा छापील कागद परीक्षेच्या दिवसापूर्वी तिच्या हाती कधी दिला नाही. आमचे सराव-पेपर वहीत लिहून होत. तालुक्याच्या गावी शिकवणीवर्ग आहेत. तेथे फी भरणाऱ्यांची मुले असे कागद वर्षभर रंगवीत असतात. एक प्रश्न सोडला तर ओळही सोडावी, हे त्यांच्या बोटांत बसलेले असते. आमच्या मुलीच्या बोटांत ते नव्हते. परीक्षेने तिची बुद्धी मोजली असे जो म्हणेल त्यास आम्ही म्हणू, तिने मोजली ती बापाची फी भरण्याची ऐपत आणि मास्तराची बेफिकिरी. हा दोष आम्ही पदरात घेतो, आणि आमच्या शिक्षकबंधूंनीही आपापला पदर पाहावा.

परंतु दुसरा दोष परीक्षा घेणारांचा आहे, आणि तो लहान नाही. नक्कल घेऊन आम्ही विचारणा केली तेव्हा उत्तर आले की, गुण बरोबर आहेत, फेरतपासणीची तरतूद नाही. शिवाय अर्जाचा निकाल होईपर्यंत प्रवेशाची यादी बंद होऊन गेली होती. चोर पळून गेल्यावर कंदील मिळाला, तसा हा न्याय.

कोणी म्हणेल, एवढ्याशा परीक्षेचा एवढा बाऊ कशास? त्यास आम्ही या परीक्षांचे स्वरूप सांगतो. जवाहर नवोदय विद्यालयांचे उदाहरण घ्या. १९८५-८६ साली देशात पहिली दोन विद्यालये निघाली, त्यांतील एक हरियाणात झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावतीस. हेतू उत्तम, निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण एका विद्यालयात सहावीस घ्यावयाची मुले ८०. परीक्षा दोन तासांची, प्रश्न ८०, गुण १००. आणि नियम असा की, ही परीक्षा मुलाने जन्मात एकदाच द्यावी; दुसऱ्यांदा बसण्यास बंदी. दहा-अकरा वर्षांचे लेकरू, परक्या गावचे केंद्र, दोन तास, आणि पुन्हा संधी नाही! जेथे संधी एकच असते, तेथे चूक शोधण्याची वाट जास्त मोकळी पाहिजे की जास्त बंद?

दुसरा आक्षेप असा येतो की, चढाओढ म्हटली की हारजीत आलीच. हरणाऱ्याने कुरकुर करू नये. मान्य. आमचा गाव कुस्तीचा आहे, हार कशी पचवावी हे आम्हांस कोणी शिकवू नये. पण कुस्ती फडात होते. पाठ मातीला लागली की नाही हे हजार डोळे पाहतात, म्हणून हरलेला मल्ल मान खाली घालून निघून जातो. पंच जर पडद्याआड कुस्ती लावील आणि महिन्याने कळवील की तुमचा गडी पडला, कसा पडला ते विचारू नका, तर गावकरी फड उधळून लावतील. तोच गावकरी आपल्या लेकराच्या निकालापुढे मात्र गप्प बसतो. का? कारण कागदापुढे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसत आलो. पूर्वी वेद सोवळ्यात होता, शूद्राने तो ऐकू नये. आता उत्तरपत्रिका सोवळ्यात आहे, जिने ती लिहिली तिनेही पाहू नये!

तिसरा आक्षेप गुणवत्तेचा. 'गुणवत्तेत भेदाभेद नसतो' हे वाक्य आम्ही सभांतून फार ऐकतो. या वाक्याचे उत्तर जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे केलेल्या निवेदनात दिलेले आहे. शिष्यवृत्त्या चढाओढीने देण्याची पद्धत दिसण्यात न्यायाची असली तरी तिने इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्यांच्यात शिक्षण पोहोचलेच नाही त्यांच्यासाठी ठेवाव्या, असा त्यांचा आशय होता. आज राखीव जागा आहेत, ग्रामीण हिस्सा आहे, हे त्या विचाराचेच फळ. पण जागा राखून ठेविली आणि तेथे जाण्याचा दरवाजा मात्र ज्यास किल्लीची माहिती त्यासच उघडतो, तर राखीव जागेतही फीवाल्याचेच मूल बसणार, खरा गरीब बाहेरच राहणार.

परीक्षेने चूक होते असे म्हणणे म्हणजे हरलेल्याची तक्रार, असे ज्यांस वाटते त्यांनी विलायतेकडे पाहावे. इंग्लंडात १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची निरनिराळ्या शाळांत वाटणी करीत. ग्रामर स्कूलात कोणी जावे, कोणी जाऊ नये, हे तीवर ठरे. १९५७ साली येट्स व पिजन या दोघा संशोधकांनी या वाटणीचा अभ्यास करून दाखविले की, पद्धत चांगली असली तरी दहांत सुमारे एक मूल चुकीच्या शाळेत जाऊन पडते. पुढे बहुतेक भागांत ही चाल मोडली. जेथे ती उरली आहे, त्यांपैकी केंट परगण्यात मुख्याध्यापकास असे सांगता येते की, या मुलाचा निकाल त्याच्या कामाशी जुळत नाही. मग दुसऱ्या मुख्याध्यापकांचे मंडळ त्याच्या वह्या पाहते. आणि प्रवेश नाकारला तर पालकास स्वतंत्र मंडळापुढे दाद मागता येते. तेथील व्यवस्था निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. पण वर्षभर मूल ज्याच्या डोळ्यांपुढे होते त्या मास्तरास तेथे तोंड आहे. आमच्याकडे त्यास फक्त अर्ज भरण्याचे काम आहे.

आपल्याकडे काहीच होऊ शकत नाही, असेही नाही. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून चालू आहे. सैनिक शाळांच्या देशव्यापी प्रवेशपरीक्षेत उत्तरसूची व उत्तरपत्रिकेचे छायाचित्र संकेतस्थळावर दाखवून हरकती मागविण्याची पद्धत पडली आहे. म्हणजे दाखविल्याने आकाश कोसळत नाही. मात्र मुदत थोड्या दिवसांची, शुल्क दर प्रश्नास निराळे, आणि सारा व्यवहार संगणकावर. ज्याच्या घरी तो हाताळणारे कोणी नाही, त्याच्यासाठी ही उघडी खिडकीही भिंतच होते.

म्हणून आमच्या मागण्या अशा. निकालासोबतच, न मागता आणि फुकट, प्रत्येक मुलाची उत्तरपत्रिका त्याच्या शाळेत यावी. प्रवेशयादी पक्की होण्यापूर्वी तक्रारीस पंधरा दिवस मिळावेत. उत्तरे ओळीने सरकली आहेत काय, हे ज्या यंत्राने गुण मोजले त्याच यंत्रास क्षणात दाखविता येईल. तसे आढळल्यास माणसाने तो कागद पाहावा. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेस सरावाचे कोरे कागद आधी मिळावेत. आणि जेथे जन्मात एकच संधी आहे, तेथे दुसरी द्यावी. यांत दयेची भीक कोठे आहे? नियम मोडून आमच्या मुलीस जागा द्या, असे आम्ही म्हणत नाही. डोळे उघडे ठेवून मोजा, एवढेच म्हणतो.

तोवर काय करावे? पालकहो, घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी निर्णय दिला आहे की, उत्तरपत्रिका ही माहितीच असून ती पाहण्याचा परीक्षार्थीस हक्क आहे; फेरतपासणीची तरतूद नाही म्हणून ती दाखविण्यास नकार देता येत नाही. पुढे २०१८ साली लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात न्यायालयाने अशा हक्कास काही मर्यादा घातल्या, तरी मागण्याची वाट बुजलेली नाही. अर्जास दहा रुपये लागतात; दारिद्र्यरेषेखालील घरास, दाखला जोडला तर, तेही लागत नाहीत. उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे. न आल्यास अपील करावे. लिहिता येत नसेल तर गावच्या मास्तराकडे जा. तो टाळाटाळ करील तर त्यास हा अंक दाखवा.

नक्कल पाहून दरवेळी ८६ निघतील, असे आम्ही वचन देत नाही. कधी ४४ चे ४४ च निघतील. तरीही पाहावे. मूल कोठे अडले ते तरी कळेल.

आमच्या मुलीची जागा गेली ती गेलीच. ती आता शेजारच्या गावच्या हायस्कुलात सहावीत जाते, तीन मैल पायी. नक्कल आली त्या संध्याकाळी आम्ही तिच्या बापास बोलावून ओळ न् ओळ दाखविली. त्यास अक्षर येत नाही, पण एक घर सरकलेले गोल त्यास बरोबर समजले. पेरणीत तास कसा चुकतो, हे त्यास आमच्याहून अधिक कळते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, पोरीला न्हवं, मलाच दोन ठिवून द्या." मामाकडे धाडण्याचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही, आणि तो कागद त्याने रेशनकार्डाच्या पिशवीत घडी करून ठेविला आहे.

असा कागद ज्याच्या लेकराचा अजून कोणा कचेरीच्या कपाटात पडून आहे, त्याने उद्याच अर्ज लिहावा.

— एक खेड्यातील शिक्षक